सहाव्या दिवसाचा कागद

सीपरी बाजारात विश्वंभर लघाटे यांना सगळे ‘पंडित मिस्त्री’ म्हणत. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारींची इंजिनं बांधू लागले. आमच्या दोघांच्या अंगणांत एकच भिंत होती, म्हणून मला त्यांच्या सवयी पाठ होत्या.

नव्यानं बांधलेलं इंजिन म्हणजे ओली बाळंतीण, असं ते मानत. पहिले पाचशे किलोमीटर गाडी ते स्वतः चालवत. काटा चाळिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही, पण एकाच वेगानंही जायचं नाही. थोडं चढवायचं, थोडं सोडायचं. ऑइल साधं, पातळ, तीस नंबरचं. गिऱ्हाईक महागाचा विलायती डबा घेऊन आलं की म्हणत, “बाळंतिणीला पहिल्या दिवशी बासुंदी घालता का? पिस्टनच्या रिंगा अजून घासून बसायच्यात. इतकं गुळगुळीत तेल घातलं तर त्या कधीच बसणार नाहीत.”

इंजिन सुरू झाल्यापासून सहाव्या दिवशी अनुसूयावहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, संध्याकाळी इंजिनाखाली कोरा कागद पसरत. त्यावर हळदकुंकू आणि बाजूला लेखणी. बाळाच्या सहाव्या दिवशी सटवाई येऊन नशीब लिहिते, तिच्यासाठी मांडतात तसा. स्वतःच्या मुलासाठी तो मांडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. विश्वंभरराव हसत, पण सकाळी तो कागद नीट वाचत. तेलाचा थेंब कुठे पडला त्यावरून इंजिन कुठून गळतं ते कळे.

१९६९च्या हिवाळ्यात मार्तंडराव वकिलांची अँबॅसडर त्यांच्याकडे आली. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मूळ ओतीव सांगाडा, तडकलेला होता. कानपूरच्या भंगारातून दुसरा आणला, तो सोड्यात उकळला, बोअर करून घेतला, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या. वकिलांना घाई होती. त्यांची मुलगी सिंधू चिरगाँवला दिलेली होती, आठवा संपत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. मुलीला मोटारीतूनच आणायचं, हे त्यांनी व्याह्यांना कळवून टाकलं होतं. सिंधू माझी विद्यार्थिनी. अंकगणितात कच्ची, पण दुसऱ्याची पाटी पडली तर पहिल्यांदा वाकणारी.

सातव्या दिवशी सकाळी अनुसूयावहिनींनी मला भिंतीवरून हाक मारली. “बाई, जरा येता?”

कागदावर तेलाचा एकही थेंब नव्हता. मधोमध रुपयाएवढं पाणी होतं, अगदी स्वच्छ, आणि त्यात बारीक वाळू.

“रेडिएटरचं असेल,” मी म्हटलं.

“रेडिएटर मी काल रिकामा केला होता,” विश्वंभरराव म्हणाले. ते वाळू बोटांत चोळत होते. “आणि वाळू कुठली?”

त्याच दिवशी ते गाडी फिरवायला चिरगाँवच्या रस्त्यानं निघाले. थोडं वजन हवं म्हणून आम्हा दोघींना मागे बसवलं. “दोघी मिळून अडीच मण भराल ना?” असं विचारून त्यांनी वहिनींचा एक चिमटा खाल्ला. इंजिन इतकं शांत चाललं होतं की वहिनींना झोप लागली.

नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, अरुंद पुलाअलीकडे चहाची एक टपरी होती. आम्ही थांबलो तोच म्हातारा चहावाला तीन कप घेऊन आला. डोळ्यांत मोतीबिंदू पांढरे दिसत होते. एक कप त्यानं चालकाच्या खिडकीतून आत दिला.

“लीजिए डाक्टरसाब, बिना चीनी का। बहुत दिन में आए। बहूजी को अस्पताल पहुँचा दिया था न?”

“कौन डाक्टरसाब, भैया?” विश्वंभररावांनी विचारलं.

“अब मजाक न करो। गाड़ी की आवाज हम सोते में पहचान लें।”

बाकावरचा एक शेतकरी घाईनं उठून आला. “बाबा की बात का बुरा न मानना। वो डाक्टर तो तीन बरस हुए, गाड़ी समेत नहर में गिरे। बहूजी साथ थीं, पेट से, दिन पूरे थे। दोनों गए।”

विश्वंभररावांनी चहा प्यायला नाही. परतताना म्हणाले, “ब्लॉक त्याच गाडीचा असला, तरी आवाज ब्लॉकचा नसतो. पिस्टन नवे, सायलेन्सर वकिलांचा. त्यानं काय ओळखलं?”

पुढच्या फेऱ्या त्यांनी ग्वाल्हेरच्या रस्त्यानं केल्या. पाचशे किलोमीटर झाल्यावर भर दुपारी गरम तेल पांढऱ्या परातीत काढलं आणि परात उन्हात धरली. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलात धातूचा कीस येतोच; इथे एक कणही चमकला नाही.

“असं इंजिन माझ्या हातून कधी झालं नव्हतं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता.

तेवढ्यात वकील आले. “झालं ना, लघाटे? उद्या सकाळी सिंधूला आणायला निघतो.”

“वकीलसाहेब, तिला पॅसेंजरनं आणा.”

“का? काय बिघडलंय?”

“बिघडलं काहीच नाही.” मग त्यांनी कागदाचं आणि चहावाल्याचं सांगितलं.

वकील मोठ्यानं हसले. “तुम्ही फिटर की भगत? उद्या सातला माणूस पाठवतो. गाडी तयार ठेवा, नाहीतर आहे तशी ढकलत नेईन.”

ते गेल्यावर विश्वंभरराव नव्या तेलाच्या डब्याकडे बघत राहिले. मग तो डबा तसाच ठेवून गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

“अहो, तेल!” वहिनी ओरडल्या.

त्यांनी ऐकलं नाही. तेलाचा काटा शून्यावर पडून होता. तेलाशिवाय इंजिन चार-पाच मिनिटांत ठोकायला लागतं, हे मलाही त्यांच्याकडूनच ठाऊक होतं. मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आवाजात फरक नाही. त्यांनी पाय दाबला. इंजिन तसंच, त्या दिवशी वहिनींना झोप लागली होती तसं गोड चालत राहिलं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. चोविसाव्या मिनिटाला ते एकाएकी बंद पडलं, कसलाही आवाज न करता. विश्वंभररावांनी हँडल लावून पाहिलं. ते तसूभर हललं नाही; इंजिन जाम झालं होतं.

संध्याकाळी ते स्वतः वकिलांकडे गेले आणि म्हणाले, “चूक माझी. तेल भरायला विसरलो.”

शिकाऊ पोरगंही करणार नाही अशी ती चूक. महिनाभर सीपरी बाजारात दुसरा विनोद नव्हता. “पंडितजी, आज तेल डाला?” असं येताजाता कुणीही विचारी. गिऱ्हाईक तुटलं ते पुन्हा पहिल्यासारखं जुळलं नाही. वकिलांनी तर त्यांचं नाव टाकलं.

सिंधू दोन दिवसांनी पॅसेंजरनं आली. मी स्टेशनवर गेले होते. पोटावर हात धरून ती सावकाश उतरली, आणि वकील हमालावर ओरडत तिला बाहेर घेऊन गेले. फलाटाच्या टोकाला, वजनकाट्याच्या आड विश्वंभरराव उभे होते. ती फाटकाबाहेर दिसेनाशी झाल्यावर त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

मला राहवलं नाही. “तुम्हाला खात्री होती का हो?”

“नव्हती, बाई,” ते म्हणाले. “खात्री करायची तर सिंधूला त्या गाडीत बसवावं लागलं असतं.”