आईने जिनिव्हात निवडलेलं हॉटेल

हॉटेल निवडणं ही राजकीय गोष्ट आहे असं म्हटलं, तर तुम्ही हसाल का? हसा. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. मग तीन परक्या शहरांत राहण्याची जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. दोन हॉटेलं मी तत्त्वाने निवडली आणि दोन्ही चुकली. तिसरं आईने निवडलं. तिला वाचता येत नाही.

आमचं गाव कडा नावाच्या बाजारगावाजवळ. आईवडील दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करायचे, त्यामुळे घरात पुस्तक नव्हतं पण पत्रकं होती. वाटून उरलेले गुलाबी, पिवळे गठ्ठे उतरंडीमागे पडलेले असायचे. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. जोडाक्षर असलेला मी वाचलेला पहिला शब्द ‘निषेध व्यक्त’ यातला ‘व्यक्त’. चळवळीच्या पैशावर पाय पसरायचे नाहीत हेही मी तिथेच शिकलो. मेळाव्याला गेलेले वडील कधी लॉजवर उतरले नाहीत. शाळेचा व्हरांडा आणि सतरंजी, बास.

त्या तीन परक्या शहरांतल्या साखर आणि अन्नप्रक्रिया कामगारांच्या संघटनांनी बोलावलं ते आईला. ऊस तोडणाऱ्या बाईने स्वतः येऊन बोलावं, असं त्यांना वाटत होतं. मी दुभाष्या. आधी ब्रसेल्स, मग कोलोन, शेवटी जिनिव्हा. पहिल्या दोन शहरांत लहान बैठका होत्या. मोठी सभा जिनिव्हाला होती. साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांची माणसं तिथे समोर बसणार होती. तिकिटं त्यांनी काढली. राहण्याबद्दल मात्र लिहिलं होतं, “हॉटेलं तुम्हीच निवडा. आईंना काय सोयीचं पडेल ते त्यांना विचारून घ्या.” मी ते वाक्य वाचलं, सभ्य लोक आहेत असं म्हटलं आणि पुढे गेलो.

दारात बसून मोबाइलवर हॉटेलं बघत होतो. आई शेजारी तुरीची डाळ निवडत होती.

“आई, ब्रसेल्समधलं हे बघ. कामगारांच्या सहकारी संस्थेचं हॉटेल आहे.”

“आपल्याकडचे कारखानेबी सहकारीच हायेत की,” ती वर न बघता म्हणाली.

मी ते हॉटेल नोंदवलं.

ब्रसेल्सचं हॉटेल म्हणजे माझ्यासारख्याला देऊळच. जिन्यावर जुन्या संपांची पोस्टरं, तळमजल्यावर फुकट वाचनालय. आम्हाला दोन छोट्या खोल्या दिल्या. संडास आणि न्हाणीघर बोळीच्या टोकाला, सगळ्या मजल्यासाठी एकच. मी पोस्टरांचे फोटो काढत फिरलो. सकाळी आईच्या खोलीत गेलो तर ती नेसून, डोक्यावर पदर घेऊन पलंगाच्या कडेवर बसलेली.

“झोपलीस का?”

“झोपले की.”

तिने घरून आणलेली दशमी अर्धीच खाल्ली. चहाचे दोन घोट घेतले आणि कप सरकवला. परक्या मुलखात आल्यामुळे तोंडाला चव नसेल, असं मला वाटलं. बैठकीत ती थोडंच बोलली. उरलेलं मी बोललो आणि टाळ्या मिळाल्या. त्या दोन दिवसांत मी फार खूश होतो, हे इथे लिहायला हवं.

कोलोनचं हॉटेल निवडताना मी बायका राबतात त्या कामाकडे लक्ष दिलं होतं. तिथल्या सफाई कामगारांना कायम नोकरी आहे, पगाराचा करार आहे, असं त्यांच्या पानावर लिहिलं होतं. शिवाय खोलीतच संडास आणि न्हाणीघर. खोली दोघांत एकच. खोली उघडली तर न्हाणीघराची पलंगाकडची भिंत काचेची. नुसत्या काचेची. दार सरकतं आणि त्याला कडी नाही.

आई काचेसमोर उभी राहिली.

“ही मोरी हाय का मिठाईचं दुकान?”

मी हसलो. तिने पिशवीतून दुसरं लुगडं काढलं. खुर्चीवर चढून मी ते काचेच्या वरच्या पट्टीला अडकवलं. अर्धी काच झाकली, अर्धी उघडी राहिली.

“मी खाली जाऊन बसतो,” मी म्हणालो.

“बाहेरून कोण आलं मंग?”

“इथं कोण येतंय आई.”

वीस मिनिटांनी वर आलो तर ती त्याच खुर्चीवर बसलेली, लुगड्याची घडी घालून मांडीवर ठेवलेली. मी विचारलं नाही. मला दुपारचं भाषण सुधारायचं होतं.

त्या दुपारच्या बैठकीत आई मोळीबद्दल सांगत होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर कसं चढायचं, मान कशी धरायची. वाक्याच्या मध्येच थांबली. विसरली असेल म्हणून मी हळूच पुढचा शब्द सांगितला. तिचा हात टेबल शोधत होता. मग ती खाली, सरळ जमिनीवर बसली.

आयोजकांपैकी एक पिकल्या केसांची बाई पुढे आली. तिने आईच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. बाईने मला विचारलं, यांनी पाणी कधी प्यायलं होतं?

“आई, पाणी कधी पेलीस?”

“पेले व्हते की. इमानात.”

विमानातून उतरून चौथा दिवस होता, मधे नुसते चहाचे घोट.

त्या बाईने मीठ-साखर घातलेलं पाणी आणलं, चमच्याने पाजलं. दहा-बारा चमच्यांनंतर आई दाराकडे बघायला लागली. भाषा नव्हती, तरी बाईला कळलं. आईला हाताला धरून ती घेऊन गेली आणि आई बाहेर येईपर्यंत संडासाच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. दोन पुरुष आले, त्यांना हाताने परत पाठवलं. त्या बाईचा मी कुणी लागत नाही आणि पुन्हा भेट व्हायची शक्यताही नाही. पण उपकार म्हटलं की मला तिची दाराला टेकलेली पाठ दिसते.

संध्याकाळी सभागृहाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो.

“पाणी कावून पीत न्हवतीस?” तिच्याशी बोलताना माझी भाषा परत गावाला जाते.

“पेलं की जावं लागतं.”

“मग जायचं.”

“कुठं? त्या पहिल्या गावात बोळीच्या टोकाला हुतं. चारदा गेले. चारीबी बारी टॉवेल गुंडाळलेला बाप्या. सगळे झोपल्यावर, न्हाईतर उठायच्या आधी जायचं, तेबी धाक खातच. इथं तर काच.”

“मला सांगायचं ना.”

“तुला काय सांगू? लेक हायस.” पदर सारखा करत म्हणाली, “आन् उसाच्या फडावर तरी कुणाला सांगितलं व्हतं?”

मग तिने सांगितलं. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं. तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, बायका दुपारनंतर पाणी तोडतात. म्हणजे घशाला कोरड पडली तर घोटभर, नाहीतर नाही. अंधार पडला की सगळ्या मिळून ओढ्याकडे जातात. मग एकदम पहाटे. एवढ्या हंगामांत अंगाला तेच वळण लागलं आहे. परदेशात आल्यावर अंगाला कुणी सांगितलं नाही की आता फड नाही.

बायांच्या प्रश्नावर मी चार पत्रकं लिहिली आहेत. मजुरी, नोंदणी, विमा, पोरांची शाळा. वडिलांनी प्रुफं तपासली, आईने पत्रकं बाजारात वाटली. त्यात पाण्याबद्दल एक ओळ नाही. मी त्याच कोपीत, उसाच्या पाचटाच्या त्याच झोपडीत तिच्या कुशीत झोपून मोठा झालो आणि मला ते माहीत नव्हतं. मला राग आला. मला राग नवा नाही. पण या वेळी तो कुणाच्या नावाने छापायचा ते कळेना.

“जिनिव्हाला तू एकला जाय,” आई म्हणाली. “तू बोलतूस चांगलं. मी सभेत पुन्यांदा पडले तर शोभा हुईल.”

ती गेली नसती तर मी बोललो असतो, आणि मी काय बोललो असतो ते मला त्या बाकावर स्वच्छ दिसत होतं. पाचवं पत्रक.

“हॉटेल तू बघ,” मी म्हणालो. “मी ठरवलेलं रद्द करतो. फक्त चळवळीचा पैसा आहे, तेव्हा...”

“चळवळीला संडास लागत न्हाई का?”

तरीही धीर होईना म्हणून वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं की माहीत असून त्यांनी कधी लिहिलं नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

“तळावर जागा कोण बघायचं आपल्या?” त्यांनी विचारलं.

“आई.”

“मंग?” आणि फोन ठेवला.

ते खरं होतं. फडाजवळ ट्रॅक्टर थांबला की गडी बोचकी उतरवायचे. त्यांना कोरडी जमीन आणि बैलांना सावली दिसली की पुरे. आई मात्र ओचा खोचून एकटी चक्कर मारायला जायची. लहानपणी मला वाटायचं, ती पाय मोकळे करते. ती पाणी किती लांब आहे ते बघायची, आडोसा कुठल्या बाजूला आहे, रस्त्यावरून काय दिसतं, दारूचं दुकान किती जवळ आहे. परत येऊन बोट दाखवायची आणि सगळ्या टोळीच्या कोप्या तिथे उभ्या राहायच्या. एकदा तिने उतरवलेली सगळी बोचकी उचलायला लावून टोळी कालव्याच्या पलीकडे नेली होती. मुकादम शिव्या देत होता आणि बोचकी उचलत होता.

जिनिव्हाला आम्ही सकाळी उतरलो. मी बॅगा घेतल्या, आईने ओचा खोचला आणि ती पुढे निघाली.

पहिल्या हॉटेलच्या दारातूनच ती वळली. “इथं एक बाई दिसंना.” दुसऱ्या ठिकाणी ती आत गेली आणि म्हणाली, खोली आधी दाखवा. टेबलामागचा माणूस अदबीने म्हणाला, वेबसाइटवर सगळे फोटो आहेत.

“फोटुत कडी लागती का बघता येती का, इचार.”

मी जसंच्या तसं विचारलं. त्याने आमच्या बॅगांकडे बघितलं आणि खोल्या भरल्याचं सांगितलं.

तिसरं हॉटेल बाजूच्या गल्लीत होतं. अरुंद जिना, लिफ्ट नाही. टेबलावरची मुलगी म्हणाली, वर सफाई चालू आहे, जाऊन बघा. दुसऱ्या मजल्यावर चादरींची गाडी घेऊन एक बाई उभी होती, आईच्याच वयाची. कुठल्या देशाची ते मला कळलं नाही. आईने बोटांनी कडी सरकवल्याची खूण केली. बाई हसली नाही. तिने एका खोलीतल्या न्हाणीघराचं दार उघडलं, स्वतः आत गेली, आतून कडी लावली, बाहेर आली आणि आईला म्हणाली, म्हणजे हातानेच म्हणाली, आता तू.

आई आत गेली. कडी लागल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी बॅगा धरून उभा होतो. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, बोळीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं आणि मी निमूट तिथे जाऊन उभा राहिलो.

आई बाहेर आली ती तोंड धुऊन, केस सारखे करून. मला हाताने बोलावलं आणि “हेच,” म्हणाली. मग बेसिनवरचा ग्लास भरला आणि उभ्याने प्यायली. पुन्हा भरला. मधे दम घेत, आवाज करत, वासरू पितं तशी प्यायली. सफाईच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सभेत मी लिहून दिलेला कागद तिने घडी करून पिशवीत टाकला आणि पहिलं वाक्य बोलली, “आमी बाया दुपारनंतर पानी पीत न्हाई.” मी ते इंग्रजीत केलं. कंपन्यांची माणसं, जी आधीच्या वक्त्यांच्या मजुरीच्या बोलण्यावर नुसती मान हलवत होती, ती लिहायला लागली. एकाने विचारलं, तुमची मागणी काय?

“दार,” आई म्हणाली. “आतून कडी लागंल असं. आन् कुठं बांधायचं ते आमाला इचारून.”

मग तिने समोरचा ग्लास सगळा संपवला, “आले मी,” म्हणून उठली आणि संडास कुठे आहे ते हाताने विचारून गेली. भरलेलं सभागृह तिच्यासाठी थांबलं. मी भाषांतर करायला काही नसल्यामुळे नुसता उभा होतो. मला त्या लोकांचे आभार मानावेसे वाटले, कारण कुणीही घड्याळ बघितलं नाही.

त्या सभेने फडावरचं काही बदललं नाही. कंपन्यांनी पत्र पाठवलं आहे, त्यात विचार करू असं आहे. आई आता गावच्या बायांशी संघटनेच्या बैठकीत पाण्याचं बोलते आणि वडील मान खाली घालून ऐकतात. मी ऋणी आहे तो तिचा, त्या दाराला टेकलेल्या बाईचा आणि चादरींच्या गाडीवाल्या बाईचा. तिघींनाही मी लिहिलेलं वाचता येणार नाही.

तुम्हाला येतं. म्हणून तुमच्याकडे मागतो. यंदा तुमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली की पहिल्याच दिवशी तिथे जा. घरातल्या बाईला बरोबर न्या आणि तुम्ही लांब उभे राहा. टोळीतल्या बायांना जागा दाखवू द्या, आणि त्या बोट दाखवतील तिथे आठवड्याच्या आत चार पत्र्यांचा संडास उभा करा. दाराला आतून कडी लावा. ती लागते का, हे एका बाईला आत जाऊन बघू द्या.