सुमनताईंचं वाण

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा चाकणच्या कंपनीत आमची जेवणाची सुट्टी चालू होती. राजगुरुनगरला लेकीकडे गेल्या होत्या. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि… संपलं. त्याला महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांचं काम सांगावं लागेल, आणि ते सांगताना आवाज खाली आणलेला त्यांना मुळीच खपला नसता. तेव्हा सरळच लिहिते. सुमनताई आमच्या वस्त्यांमधून बायकांना बायकांचा कंडोम वापरायला शिकवायच्या.

आमची ओळख झाली ती माझ्या गरजेपोटी. माझा नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, दहा-बारा दिवसांनी घरी यायचा. वर्षात दोनदा मला अंगावरून पांढरं जायचा त्रास झाला. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही गोळ्या दिल्या, त्याने त्याच्या तशाच ठेवल्या. कंडोमचं नाव काढलं की म्हणायचा, "मी काय परका हाय का?" मला भांडायचं नव्हतं, पण पुन्हा आजारीही पडायचं नव्हतं. ताईंचा नवराही ड्रायव्हरच होता आणि एड्सनं गेला होता. माझं सगळं ऐकून त्या त्यांच्या लातूरकडच्या बोलीत म्हणाल्या, "त्यानं घालायची वाट कशाला बघायलीस? तुझ्या हातात हाय ते तू कर."

सभेला बोलावलं की बायका येत नाहीत, हळदीकुंकवाला मात्र येतात. म्हणून संक्रांतीला ताईंनी माझ्या भोसरीच्या खोलीत हळदीकुंकू ठरवलं. विधवा बाईला या कार्यक्रमाला कुणी बोलावत नाही. ताईंनी स्वतःच कपाळ पुढे केलं आणि मी कुंकू लावलं. तिळगूळ झाला, वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात बायकांच्या कंडोमचं पाकीट पडलं. मग ताईंनी स्टीलच्या पेल्यात घालून दाखवलं. त्याच्या दोन्ही टोकांना कड्या असतात; आतली कडी चिमटीत दाबून आत सरकवायची, बाहेरची बाहेरच राहू द्यायची. "आधी एकटीनं दोन-तीनदा घालून बघा. पहिल्यांदा हातातून निसटतंयच." बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, पण कान ताईंकडेच होते.

आठवड्याने आम्ही दोघी घरोघर विचारायला गेलो. शेजारच्या मंदाचं पाकीट देव्हाऱ्यात होतं, वर हळदीकुंकू वाहिलेलं. "वाण हाय न्हवं ताई, लगेच कसं फोडायचं?" मला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत. देवाला नमस्कार करून त्यांनी पाकीट उचललं आणि मंदाच्या हातात दिलं. "देवाला दाखवून झालं. आता वापर." बाकीच्यांची पाकिटं गव्हाच्या डब्यात, गादीखाली, साडीच्या घडीत. वापरता येत नव्हतं असं नाही. हे कुठं शिकलीस, असं नवरा विचारेल याची भीती होती. माझंही पाकीट डब्यातच होतं. ताई म्हणाल्या, "लपवलेलं येळेला हाताशी येत न्हाई. सांगून वापरा."

त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी पाकीट नवऱ्यापुढे ठेवलं आणि मला पुन्हा आजारी पडायचं नाही, असं सांगितलं.

"आन् मी न्हाई म्हणलं तर?"

"तर नुसतं झोपायचं," मी म्हणाले. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं, हे मला तेव्हाच माहीत होतं.

दोन खेपा तो रुसून राहिला. तिसऱ्या खेपेला ऐकलं, गोळ्याही घेतल्या. त्यानंतर मला तो त्रास झालेला नाही.

परवा निघताना तोच म्हणाला, "संपत आलेत. सुमनताईला सांग…" मग त्याला आठवलं. आमच्याकडच्या मेडिकलमध्ये हे मिळत नाहीत, ताईच आणून द्यायच्या. म्हणून मी कासारवाडीला त्यांच्या संस्थेत गेले. त्यांच्या टेबलावर बायकांना समजावून सांगायचं, कमरेखालच्या शरीराचं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे. ताई असताना मीटर बघायला माणूस आला तरी ते झाकलं जात नसे. आता त्यावर कुणीतरी टॉवेल टाकला होता. बाहेर बाकावर माहिती घ्यायला आलेल्या चार-पाच बायका खाली मान घालून बसल्या होत्या. मी टॉवेल काढला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि म्हणाले, "या आत."