उपड्या बरण्या

"उपड्या किती गं?" वन्संचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात पांढऱ्या कपाळानं मुरुडला माहेरी आल्या आणि हे घर त्यांनीच चालवलं. चैत्रात आजारी पडल्या तेव्हा अंथरूण मुद्दाम माजघरात, फळीसमोर घालायला लावलं. अंगात ताप फणफणतोय आणि बाईंचे डोळे बरण्यांवर! "राहू द्या हो ते आता," मी वैतागून म्हणाले. पहाटे त्या गेल्या... आता पावसाची आगोट तोंडावर आली आहे. आगबोट बंद झाली की नारळी पौर्णिमेपर्यंत काही यायचं नाही, आणि पावसाळ्याची सगळी बेगमी मला एकटीला करायची आहे. जीव थाऱ्यावर नाही माझा. फळीपुढे जाते, परत येते, पुन्हा जाते.

उपडी बरणी हा वन्संचा कायदा. जिन्नस संपला की बरणी धुवायची, उन्हात वाळवायची आणि फळीवर उपडी ठेवायची. बाजाराला निघताना उपड्या मोजायच्या, तेवढंच आणायचं. उभ्या बरणीत मूठभर मूग असले तरी आधी त्यांची उसळ, मग नवे मूग. नवी नवरी होते तेव्हा मला हा निव्वळ चिक्कूपणा वाटे. पण आमच्या ताटात रोज काहीतरी हिरवं असायचंच, निदान शेवग्याचा पाला तरी. फणसाच्या आठळ्या राखेत घोळून ठेवायच्या, कोलंबीची टरफलं माडाच्या मुळाशी घालायची. उकिरड्यावर आमच्या घरचं काही जातच नसे. कावळेसुद्धा शेजारी जात.

एकदा हे मुंबईहून आले ते घाबरतच. बोटीवर कोणी म्हणालं, यंदा वादळ लवकर, बोट उद्याच बंद. झालं! धक्क्यावरून सरळ बाजार गाठला. गाडीभर कांदे घेतले, वर पारू कोळणीकडून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, अख्खी टोपली... वन्संनी एक सोडा उचलून वाकवला. तो मोडेना, नुसता वळला. "बाळ्या, ओले आहेत रे! अळ्या होतील," म्हणत त्या तशाच टोपली घेऊन कोळीवाड्यात. पारूनं मुकाट्यानं परत वाळत घातले आणि वर म्हणाली, "बाय, तुमच्या घरात माशीसुद्धा उपाशी मरंल!" कांदे मात्र परत कोण घेणार? अर्धे त्याच दिवशी आळीत वाटले, उरलेले माळ्यावर पसरले. मग पावसाळाभर हे नाकाला उपरणं बांधून माळ्यावर कांदे निवडत बसायचे आणि वन्सं खालून विचारायच्या, "सापडला का रे नासका?" हसून हसून पुरेवाट व्हायची माझी.

त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच बरणी, नाचणीची. दिवसातून एकदाच जेवायच्या, त्यात ती भाकरी. "हाडं धरतात रे ह्यानं," असं किती वेळा सांगायच्या, पण हे नाक मुरडायचे. माती खाल्ल्यासारखी लागते म्हणे! त्या गेल्या आणि ती बरणी अर्धी भरलेली, उभीच राहिली. टाकायची कशी? आणि खायची कुणी? मागच्या पंधरवड्यात झाकण काढलं तर पोरकिडे दिसले. इतका राग आला मला वन्संचा! जन्मभर दाणा उरू दिला नाही, आणि स्वतःचं तेवढं अर्धं ठेवून गेल्या... चाळता चाळता डोळ्यांना धार लागली.

शेवटी दळली, भाकऱ्या थापल्या. हे ताटातल्या त्या काळ्या भाकरीकडे बघतच राहिले. "नको असेल तर भात वाढते," मी म्हटलं.

"असू दे. उरली तर आक्का ओरडेल."

एकेक घास पाण्याबरोबर गिळत होते, पण संपवली. संपेपर्यंत रोज खाल्ली. मग मी बरणी धुतली, वाळवली आणि फळीवर उपडी घातली.

आज पिशव्या घेऊन निघाले, पण पाय फळीपुढेच अडले. ओटीवरून ह्यांनी हाक दिली, "उपड्या किती गं?"

मी मोजल्या. नाचणीची धरून.