तंबूतली मारामारी

आमचं घर त्या हिवाळ्यात एका मारामारीवर चाललं. मारामारी जुनी, काळी-पांढरी, जर्मनीतल्या की ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा तंबूत झालेली. बेचाळीस मिनिटांची. कुणी भल्या माणसाने ती यूट्यूबवर टाकली नसती, तर मी आणि माझे सासरे एकमेकांच्या अदबीखाली गुदमरून मेलो असतो.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सांगलीजवळच्या एका गावात ते शाळेत पी.टी.चे मास्तर होते आणि आसपासच्या जत्रांत कुस्त्यांचे पंच. आदल्या भाद्रपदात सासूबाई गेल्या. घर अण्णांना खायला उठलं, म्हणून बायकोने हट्टाने तीन महिन्यांसाठी मेलबर्नला बोलावून घेतलं. ते फेब्रुवारीत आले. कोरोनामुळे मेमधलं परतीचं विमान रद्द झालं, मग जूनमधलंही. ऑगस्टपर्यंत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या आमच्या दोन बेडरूमच्या घराला बाहेरून कुलूप लागल्यासारखं झालं होतं. पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास फिरायचं, बाकी घरात. बायको वृद्धाश्रमात नर्स, तिला शिफ्टला जावंच लागे. मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आयटीची नोकरी करत असे. चार वर्षांच्या लेकीचं डे-केअर बंद, तेव्हा तिला दिवसभर अण्णाच बघत.

अण्णांची एकच इच्छा होती: सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला घरी पोचायचं. ज्या घरातून त्या गेल्या, त्याच घरात ते करायचं. शिवाय लेकीच्या घरी राहण्याची त्यांना मुळातच लाज वाटे. त्यांच्याकडे बाप लेकीकडे फार तर चार दिवस राहतो आणि निघताना नातवंडाच्या हातावर काहीतरी ठेवून जातो. इथे सहा महिने होऊन गेले होते. त्यामुळे ते चहा मागत नसत. हीटर स्वतःहून लावत नसत, स्वेटरवर स्वेटर चढवून बसत. आणि मला, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे, 'पाहुणं' म्हणत. बाथरूमच्या दारात समोरासमोर आलो की "तुम्ही व्हा पुढं" आणि "छे छे, तुम्ही आधी" यात दोघांचीही पंचाईत होई. मी मुळात तापट माणूस. चोवीस तास एक माणूस समोर आणि त्याच्याशी एक धड भांडण करायची सोय नाही, याइतकी वाईट कैद मला ठाऊक नाही.

एका दुपारी अण्णा आपल्याकडच्या मैदानी कुस्त्या बघत बसले होते. त्यातली एक संपली आणि यूट्यूबने आपल्याच मनाने पुढे तो तंबू लावला. धूर, कोट-टाय घातलेली माणसं, त्यांच्या हातात बियरचे ग्लास, मध्ये दोरांचा चौकोन. एक टकल्या, चाळिशीचा, पोट सुटलेला. दुसरा मिशीवाला, तरुण आणि देखणा. दोन राउंड सभ्यपणे झाले. तिसरा संपल्याची घंटा झाल्यावर मिशीवाला पाठ फिरवून आपल्या कोपऱ्याकडे निघाला आणि टकल्याने त्याला मागून हाणलं. मग कशालाच धरबंध राहिला नाही. दोघं दोरांबाहेर गेले, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या उडाल्या, एका आजीबाईंनी टकल्याच्या पाठीत पर्सने दोन ठेवून दिल्या. बो-टाय लावलेला पंच मध्ये पडत होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. शेवटी त्याने दहा आकडे मोजले. दोघंही बाहेरच होते, त्यामुळे कुणाचाच हात वर झाला नाही.

"ही कुस्ती न्हवं, तमाशा हाय," अण्णा पहिल्या मिनिटाला म्हणाले होते. रिमोट त्यांच्याच हातात होता, पण बंद काही केलं नाही.

"सगळं ठरवून केलेलं असतं हो," मी म्हणालो.

अण्णांनी रिमोट माझ्याकडे दिला. "जरा मागं घ्या. त्यो दोरावरनं फेकतोय तिथं. आता टकल्याचा डावा हात बघा."

मी बघितला. मिशीवाल्याला दोरांवरून बाहेर भिरकावताना तो हात त्याच्या मानेखाली होता आणि पाठ जमिनीला टेकेपर्यंत तिथून हलला नाही.

"मान सांभाळली," अण्णा म्हणाले. "मारतोय जीव तोडून, पण मान सोडली न्हाई. एवढ्या वर्षांत असा हात मी दोघातिघांचाच बघितला."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला माझी मीटिंग संपली आणि मी बाहेर आलो, तर तंबू लावून तयार होता. मग तो नेमच झाला. अण्णांनी मला बघायला शिकवलं. पडणारा आधी हनुवटी छातीला लावतो. दमलेला कोण आणि दमल्याचं सोंग कुणाचं, हे गुडघ्यांवरून कळतं. आजीबाईंनी पर्स उगारली, तेव्हा टकल्याने कोपर आत घेतलं आणि मार खायला मुद्दाम पाठ पुढे केली. मी नावं ठेवायचं विसरलो. खरंच सुंदर मारामारी होती ती. लेक अण्णांना आबा म्हणे. ती गालिच्यावर उभी राहून पंचाबरोबर मोजायची, "एट, नाइन, टेन! आबा, दे आर बोथ आऊट!" आणि अण्णा दर वेळी सांगायचे, "आऊट न्हाई गं, बरोबरीत सोडवली." त्या बेचाळीस मिनिटांत अण्णा मांडी घालून बसत, माझ्या पाठीवर थाप मारत, चहासुद्धा मागत. टीव्ही बंद झाला की पुन्हा आपलं 'पाहुणं' सुरू.

आता माझी गोष्ट सांगतो. अडकलेल्यांना न्यायला आपल्या सरकारची खास विमानं येत होती. अण्णांना ईमेल नाही, म्हणून नाव नोंदवताना मी माझा दिला होता. ऑगस्टच्या मध्यावर मेल आली: सीट आहे, उद्या दुपारपर्यंत कळवा. तेव्हा मी कॉलवर होतो आणि बाहेर अण्णा लेकीला गोष्ट सांगत वरणभात भरवत होते. तिकडे सांगलीत दवाखान्यांत बेड मिळत नव्हते, अण्णांना शुगर, घरी करायला कुणी नाही. ही कारणं खरी होती. पण त्यांच्याही आधी माझ्या मनात आलं ते दुसरंच होतं. हे गेले तर पोरीला कोण बघणार? मी उत्तर दिलं नाही. बायकोलाही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपार होऊन गेली.

त्यानंतर अण्णा सांगलीच्या लोकांना फोनवर सांगत, "पाहुणं लई धडपडत्यात हो, पण सीटच न्हाई." आतल्या खोलीत मला ते ऐकू येई आणि स्वतःची किळस येई.

वर्षश्राद्ध शेवटी आमच्या किचनमध्ये झालं. ओट्यावर लॅपटॉप, त्यात सांगलीचे गुरुजी. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून बायकोने उदबत्ती खिडकीबाहेर धरली होती. अण्णांनी घास मागच्या कुंपणावर ठेवला आणि दोघं वाट बघत उभे राहिलो. कावळा आला नाही. इथला काळा-पांढरा पक्षी, मॅगपाय, तो आला, त्याने घास उलटापालटा केला आणि उचलून नेला. अण्णा रिकाम्या कुंपणाकडे बघत राहिले. मला ते सोसवेना.

"अण्णा, सीट आली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी कुंपणावरची नजर काढली नाही. "ठाऊक हाय."

पार्कात भेटणारे एक गुजराती काका त्याच विमानाने गेले होते. अहमदाबादहून त्यांनी अण्णांना फोन केला होता: "आपको भी मेल आया होगा ना? नाम तो साथ में लिखवाया था." त्याला दोन आठवडे झाले होते. दोन आठवडे सगळं ठाऊक असून अण्णा माझ्या शेजारी बसून टकल्याचं कौतुक करत होते आणि सांगलीला माझं.

"मग बोलला का नाहीत?" मीच ओरडलो. "शिव्या घालायच्या होत्या मला!"

"आणि मग?" अण्णा शांतपणे म्हणाले. "लेकीच्या घरात जावयाशी भांडायचं आणि भांडून झालं की कुठं जायचं? पाच किलोमीटर?" मग म्हणाले, "त्या दोघांचं बरं हाय. मारामारी झाली की आपापल्या घरी जात्यात. म्हणून तर बघतोय."

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. अण्णांनी मात्र दुसऱ्या दिवशी साडेतीनला नेहमीप्रमाणे तंबू लावला.

त्यांना सीट मिळाली ती पुढच्या मार्चमध्ये. विमानतळावर चेक-इन झालं, बोर्डिंग पास त्यांच्या हातात आला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि नीट खिशात घातला. मी नमस्काराला वाकलो. उठतो तोच त्यांनी डाव्या हाताने माझी मान धरली आणि उजव्या हाताने मास्क हनुवटीखाली ओढला.

"नालायका!" अण्णा गरजले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. "माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध चुकवलंस तू! पोरीला बघायला माणूस पायजे हुता, तर तोंड शिवलं हुतं का तुझं? मागायचं हुतंस! राहिलो असतो की मी! ती पोर माझी न्हाई व्हय?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एक सिक्युरिटीवाला पुढे आला, "यू ऑल राइट, मेट?" मी हाताने त्याला थांबवलं. बायको रडत होती. अण्णांनी मग माझ्या नोकरीपासून माझ्या अकलेपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही, आणि लेकीने आपल्या सवयीने मोजायला सुरुवात केली, "वन, टू, थ्री..." मानेवरचा त्यांचा हात गरम होता आणि ती टेन म्हणेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मग त्यांनी मास्क वर घेतला, बॅग उचलली आणि आपल्या घरी गेले.