दोन मिनिटं वीस सेकंदांनंतरचं वाद्य

नाईक बाई आज सकाळी गेल्या, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं.

सकाळी सातला अबोलीला पाणी घालताना खाली बसल्या. शेजारीण कुंपणावरून धावत आली, तोवर संपलं होतं.

परवाच बाजारात छत्री घेऊन ताठ चालताना दिसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर.

भजन मंडळातल्या भाईचा फोन आला तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक खिळे मागत होतं. मी खिळे वजन करून दिले. पुडी बांधली. मग स्टुलावर बसलो. ते गिऱ्हाईक कोण होतं, आता आठवत नाही.

मसुऱ्याच्या शाळेत बाई मला चौथीला होत्या. त्यानंतर पस्तीसेक वर्षं फक्त वाटेत नमस्कार.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या नातीने, तन्वीने, त्यांना स्मार्टफोन दिला. पहिला मेसेज मला आला.

"दिनू, तुमच्या मंडळाचं भजन पाहिलं. पेटी बरी वाजवतोस. पण सगळ्या भजनांना एकच चाल का?"

त्याखाली एक गाणं. लावलं तर रॅप. धाडधाड ड्रम आणि एक मुलगा दम न घेता बोलतोय. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी वीस सेकंदांत बंद केलं आणि "छान" असा रिप्लाय दिला.

लगेच उत्तर आलं. "छान म्हणजे काय? चौथीतही असंच करायचास. पूर्ण ऐक आणि दोन वाक्यं लिही."

तेव्हापासून तो नियम झाला.

तन्वी त्यांना तिच्या वयाची गाणी पाठवायची, बाई ती मला पाठवायच्या. रॅप, मेटल, कोरियन, काय काय. मी त्यांना अभंग, जुनी नाट्यपदं, कधी कव्वाली पाठवायचो. पूर्ण ऐकायचं. दोन वाक्यं लिहायची.

एकदा मी मोठ्या हौसेने एका नावाजलेल्या बुवांचं भजन पाठवलं. बाईंची दोन वाक्यं आली: "हे देवाला हाक मारत नाहीत, लोकांना मारतायत. पखवाज बरा."

मला राग आला होता. मग पुन्हा ऐकलं. त्यांचं बरोबर होतं.

एका कोरियन गाण्यावर मी लिहिलं, "भाषा कळली नाही. पण मुलगी कोणाची तरी वाट बघतेय."

"तन्वीने अर्थ सांगितला. दहापैकी सात."

पन्नाशीला आलेला माणूस मी, दिवसभर त्या सातवर खूश होतो.

मेटल ऐकताना मंडळाच्या भाईने मला एकदा पकडलं. "बुवानू, ह्या काय ऐकतास? कोणाक कुत्रो चावलो काय?"

मी म्हटलं, "बाईंनी दिलेलो अभ्यास आसा."

भाई आल्या पावली मागे फिरला. तोही त्यांचाच विद्यार्थी.

गेल्या आठवड्यात भावकीतला एक चुलतभाऊ मुंबईत वारला. वीस वर्षांत भेट नव्हती. पण सुतक ते सुतक. दहा दिवस देऊळ नाही, पेटी नाही, गाणं नाही. मी पाळतो.

तिसऱ्या दिवशी बाईंनी एक गाणं पाठवलं.

"दिनू, दोन मिनिटं वीस सेकंदांनंतर एक वाद्य येतं. पेटीसारखं वाटतं. तन्वी म्हणते कॉम्प्युटरवर केलंय, मला पटत नाही. आमची पैज लागलीय. तुझा कान सांगेल."

मी लिहिलं, "बाई, सुतक आसा. धा दिवस झाले की ऐकतंय."

"सुतक कानाक लागणा नाय रे. पण तुझी श्रद्धा. मी थांबतंय."

सहाव्या दिवशी नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं. मी लिहिलं, "चार दिवस, बाई." त्यांनी अंगठा पाठवला.

आज आठवा दिवस.

दुपारी तन्वी पुण्याहून पोचली. चारला सगळं आटपलं. मी बाईंच्या अंगणातून निघालो तर ती मागून आली.

"तुम्ही दिनूकाका ना? आजी काल फोनवर म्हणाली, तीनच दिवस राहिले, मग दिनू सांगेल तुला." मग खाली बघत विचारलं, "तुम्ही ऐकलंत का ते?"

"नाय गो."



मागल्या दारी विहिरीजवळ गेलो. हात जोडून देवाची माफी मागितली. तिचा एक इअरफोन माझ्या कानात, एक तिच्या. पहिल्यापासून लावलं, मधूनच ऐकायचं नाही असा नियम.

दोन मिनिटं वीस सेकंदांनंतर ते आलं.

सुराच्या मागे बारीक कुरकुर होती. भाता उघडतो तेव्हाची. आणि एक सूर दर वेळी जरासा मागाहून उठत होता. माझ्या पेटीतला एक सूर थंडीत तसाच उठतो.

मी तन्वीला दाखवलं. तिने ती जागा तीनदा ऐकली. "म्हणजे आजी जिंकली," एवढंच म्हणाली, आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली.

ज्याचा चेहरा धड आठवत नाही त्या भावासाठी दहा दिवस. बाईंचं मात्र मला एका दिवसाचंही सुतक नाही. त्याचे दहा दिवस पुरे झाले की सोमवारी देवळात पेटीवर बसायला मी मोकळा आहे. भाईने तसं विचारलंसुद्धा.

पण बाईंचं उत्तर आधी. पूर्ण ऐकलंय. दोनच वाक्यं लिहितो.

बाई, ती पेटी खरी आहे, कोणीतरी हाताने भाता मारतंय. तुम्ही थांबते म्हणालात आणि मी तुम्हाला थांबवून ठेवलं.

तुमच्या चौथीतल्या दिनूचा नमस्कार.