डोईजड मंत्राचा निवाडा

सलूनवाल्याला मित्रमंडळी 'काटा' म्हणायची. आठवड्याच्या सुट्टीला दुपारी तो सलूनचं शटर अर्धं ओढायचा, कात्र्या-कंगवे बाजूला सारायचा आणि आरशांसमोर टेबल मांडून खेळ लावायचा. खेळणाऱ्या प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, काट्याने गोष्ट पुढे न्यायची, अडलं की फासे टाकायचे. कुणी आपल्या पात्रासाठी नवा मंत्र रचून आणला तर तो खेळात चालेल की डोईजड होईल, हे तोच तोलून सांगायचा. नाव पडलं ते त्यावरून.

त्याची तोलायची रीत साधी होती. "हा मंत्र एकाच्या हाती गेला, तर बाकीच्यांनी काय माश्या मारायच्या?" खेळायला येणाऱ्या बसड्रायव्हरने एकदा अख्ख्या फौजेला झोपवणारा मंत्र आणला, तेव्हा काटा म्हणाला, "मग आम्ही काय त्यांना पांघरुणं घालत फिरू?" मंत्र तिथेच बाद झाला.

एका दुपारी त्याच्या थोरल्या बहिणीने मंत्र आणला. ताईचं उभं आयुष्य खाडीच्या तळाशी बुड्या मारून शिंपले काढण्यात गेलेलं. हवेची टाकी वगैरे काही नाही, छातीत मावेल तेवढाच वारा. आता गुडघे दुखतात म्हणून ती घरी असायची. बोलणं पहिल्यापासूनच मोजकं.

"मी श्वास रोखून धरीन, तोवर शत्रू थिजलेले राहतील," ती म्हणाली.

"श्वास कुणाचा, तुझ्या पात्राचा?"

"माझा. इथे, या खुर्चीत."

खेळायला बसलेली केमिस्टबाई हसली. "अहो ताई, तेवढ्यात साधं कुलूपसुद्धा उघडायचं नाही."

काट्यालाही मंत्र हलकाच वाटला. "बघू वापरून," तो म्हणाला. गोष्टीत तळघरात कैदी होते आणि दारावर पहारेकरी.

ताईने आधी सगळा श्वास सावकाश सोडला. मग भरून घेतला. खांदे खाली आले, पापण्या अर्ध्या मिटल्या.

ड्रायव्हरने घाईघाईने फासे टाकले, कुलूप उघडलं. केमिस्टबाईने एकेक कैदी बाहेर काढला. पहारेकऱ्याच्या कमरेच्या किल्ल्याही काढून झाल्या. ताई तशीच. ड्रायव्हर वेळ मोजायला मोबाइल उचलू लागला, तर काट्याने त्याचा हात धरला. मग फासे कुणी उचललेच नाहीत.

काटा घाबरून अर्धवट उठला. ताईने फक्त एक बोट हलवलं. बस.

तो बसला. समोरच्या आरशात ताई, मागच्या आरशात ताई, आणि आरशांतल्या प्रत्येक ताईच्या मानेवरची एकच शीर संथ उडत होती. लहानपणी ती बुडी मारायची तेव्हा हा काठावर जीव मुठीत धरून बसायचा. खाली ती धडपडत असेल, एवढंच त्याला वाटत आलेलं. धडपड कुठेच नव्हती. एखाद्याने आपल्याच घरात दार लावून निवांत बसावं, तशी ती बसली होती. जिच्या हातचं जेवून आपण मोठे झालो, ती रोज अशा ठिकाणी जाऊन येत होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

ताईने हलकेच श्वास सोडला. "गेले का सगळे कैदी?"

"केव्हाच," केमिस्टबाई कुजबुजली.

ड्रायव्हरने फासे उचलत विचारलं, "मग, डोईजड की नाही?"

"मंत्र ठीक आहे," काटा म्हणाला. "कुणीही घ्या, ज्याने त्याने आपला श्वास रोखायचा. ताईला मात्र खेळात एकदाच."

"मलाच का रे?"

"आम्ही सगळे हातावर हात ठेवून तुझ्याकडे बघत बसलो होतो, ताई. खेळ चालू आहे हेच विसरलो."

ताईने मान डोलावली. निवाडा तिला पटला असावा.

पुढे ड्रायव्हरने हौसेने तो मंत्र घेतला. पहारेकरी नीट थिजायच्या आत त्याला ठसका लागायचा. ताई आपली एकदाची पाळी बहुतेक शेवटाला ठेवायची. तिने श्वास सोडायला सुरुवात केली की केमिस्टबाई हातातला कप खाली ठेवायची, आणि काटा गोष्ट सांगायची थांबायचा.