बाबांचा आवाज आणि एक ते चार

आमच्या घरात दुपारी एक ते चार सगळं बंद असतं. कॉम्प्युटर बंद, इंटरनेटचा डबा बंद, बाबांचा फोन बंद. बाबांनी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. विनाकारण चालू राहिलेलं बटण आणि चुकलेली वेलांटी या दोन्ही गोष्टींना त्यांच्याकडे माफी नाही. बरोबर एकला ते भिंतीवरची बटणं खटाखट बंद करून आडवे होतात आणि चारला उठून खटाखट चालू करतात. मी तीस वर्षं शाळेत मुलांना शिस्त लावली, पण या माणसापुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, बाबांचं स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी रोज फोन त्यांच्यापुढे ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला लागले. "काय बोलू? मी काय पुढारी आहे?" असं कुरकुरत ते बोलत गेले. छापखान्यातल्या गमती, आईशी झालेली भांडणं, आमसुलाचं सार कसं करावं आणि मी ते कसं बिघडवते. एकूण एकेचाळीस रेकॉर्डिंगं झाली. त्यांचा आवाज तेवढाच उरला आहे.

आता ते पाटीवर लिहून बोलतात. आधीही कमी आणि कडू बोलायचे, पाटीवर ते आणखी आटलं. रेकॉर्डिंगं मात्र त्यांनी कधीच ऐकली नाहीत. मी एखादं लावलं की ते उठून गॅलरीत जायचे आणि कुंड्यांना पाणी घालायचे, घातलेलं असलं तरी. मला त्याचं वाईट वाटायचं, पण विचारायची हिंमत होत नव्हती.

ती सगळी रेकॉर्डिंगं मी फोनवरून काढून घरच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवली होती आणि तो फोल्डर क्लाउडला जोडला होता. म्हणजे कॉम्प्युटरवर जे असेल तेच कंपनीच्या साठवणीत आणि माझ्या फोनवरही दिसणार. एकीकडे काही पुसलं, तर सगळीकडे पुसलं जाणार. बाबांना हे समजावलं तेव्हा पाटी वर झाली, "ढगात ठेवलेलं टिकतं?"

टिकत होतं, पण कुरबुर चालू होती. कॉम्प्युटरवर त्या फोल्डरच्या कोपऱ्यात तीन महिने लाल फुली. दोन निळे बाण गोल गोल फिरायचे आणि पुन्हा फुली यायची. कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या, "मॅम, एक नवीन फोल्डर क्रिएट करा आणि सगळं त्यात कॉपी करा." एका सकाळी मी फोनवरून ते काम सुरू केलं. मध्येच एक वाजला. खटाखट. पाठोपाठ पाहुणे आले आणि ते काम अर्धवट राहिलंय हे मी साफ विसरले.

महिन्याभराने एका मंगळवारी, हे सगळं एखाद्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावं म्हणून मी बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. शटरवर पाटी, "एक ते चार बंद. शटर वाजवू नये." जे घरी तेच दारी. कोथरूडला घरी परत जाऊन पुन्हा येण्यात अर्थ नव्हता. आधी दोन कामं उरकली आणि मग अमृततुल्यात चहा घेऊन बसले.

रिकामं बसणं मला जमत नाही. फोनवर सूचना होती, जागा संपत आली आहे. उघडून पाहिलं तर बाबांच्या नावाचे दोन फोल्डर, एक जुना, एक नवा. दोन्ही उघडले. पडद्यावर मावली तेवढी पहिली आठ नावं दोन्हीकडे सारखीच. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला? जुना फोल्डर पुसला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण जागा हवी म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग समाधानाने नव्या फोल्डरमधून बोट खाली सरकवलं. नऊ रेकॉर्डिंगं होती, त्यापुढे काही नव्हतं.

 बत्तीस रेकॉर्डिंगं मी माझ्या हाताने पुसली होती.

थोड्या वेळाने डोकं चालायला लागलं. घरचा कॉम्प्युटर एकपासून बंद होता. मी काय करून बसले हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. त्याच्या पोटात एकेचाळीस रेकॉर्डिंगं तशीच होती. पण चारला बाबा उठणार, बटणं चालू करणार, इंटरनेट येणार आणि कॉम्प्युटर आज्ञाधारकपणे उरलेलंही पुसून टाकणार. घड्याळात तीन पंचवीस झाले होते. बाबांचा फोन बंद. समोरच्या काकूंना लावला, त्यांचाही एक ते चार बंद. या शहराला काय म्हणावं!

रिक्षात बसले. "दादा, चारच्या आत कोथरूडला पोचायचंय."

"लकडी पुलावर गाड्यांची रांग बघितलीत का? उडवत नेऊ?" ते म्हणाले. तरी माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी रिक्षा गल्लीबोळांतून काढली. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

बरोबर चारला मी दार उघडलं. बाबा भिंतीपाशी उभे होते. कॉम्प्युटरचं बटण चालू झालेलं होतं. बोट इंटरनेटच्या बटणावर.

"बाबा, हात लावू नका!" मी इतकी जोरात ओरडले की त्यांच्या हातातली पाटी पडता पडता राहिली.

त्यांनी घड्याळाकडे पाहून लिहिलं, "चार वाजले."

मी धापा टाकत सगळं सांगितलं. पाटीवर काहीतरी जहरी येणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी पाटी काखेत मारली. वाकून डब्याची वायर भिंतीतून उपटली आणि तो प्लग सदऱ्याच्या खिशात ठेवला.

कॉम्प्युटरवर फोल्डर जसाच्या तसा होता. मी दोनदा मोजली, एकेचाळीस. शाळेच्या काळातल्या पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतली, क्लाउडशी संबंध नसलेल्या जागी दुसरी. मग खुर्चीत बसून मनसोक्त रडले. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. बाबांनी चहा केला, साखर विसरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिशातला प्लग काढून दिला आणि मी सगळी रेकॉर्डिंगं नव्याने क्लाउडवर चढवायला लावली. लाल फुली का येत होती ते आता उघड होतं, रोज एकला कोणीतरी त्या बाणांचा गळा दाबत होतं. एक वाजला. बाबा भिंतीपाशी आले, फिरणाऱ्या बाणांकडे पाहिलं आणि पाटी बटणांवर टांगली, "काम चालू आहे. बटणाला हात लावू नये." त्या बटणांना हात लावणारे घरात ते एकटेच.

ते झोपायलाही गेले नाहीत. सव्वातीनला शेवटची हिरवी खूण आली. नीट वाजतंय ना, म्हणून मी भीत भीत शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं. साराची कृती चालली होती, आणि शेवटी तो खरबरीत आवाज म्हणाला, "बास झालं आता. एक वाजला. बंद कर ते."

बाबा उठले. गॅलरीकडे निघाले असं वाटलं. पण ते भिंतीपाशी गेले, बटणांवरची पाटी काढली, बाहीने पुसली आणि लिहून माझ्यापुढे धरली.

"परत लाव."